जर्मेनियम ट्रेबल बूस्टर दुपारी का बिघडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांनी जुन्या डॅलस रेंजमास्टरच्या आराखड्यावरून घरीच ट्रेबल बूस्टर, म्हणजे गिटारच्या आवाजाची वरची बाजू उचलून ॲम्प्लिफायरला देणारा पेडल-प्रकार, बांधला आहे. त्यातला ओसी४४ हा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर मिळाला नाही म्हणून त्यांनी बाजारातून आणलेला एसी१२८ बसवला. मल्टिमीटरच्या एचएफईच्या, म्हणजे ट्रान्झिस्टर तपासण्याच्या, खाचेत त्याचा गेन (बेस या पायात दिलेला करंट कलेक्टर या पायावर किती पट होतो तो आकडा) १६० दिसला होता. ते पुण्यात शेवटच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत वाजवतात. रात्री कलेक्टरवर उणे ५.९ व्होल्ट मिळतात आणि आवाज बरा लागतो. एप्रिलच्या दुपारी तेच माप उणे ४.५ वर येते आणि आवाज जाड व बोथट होतो. जोडणी तीनदा तपासली, चूक सापडली नाही. दोष कुठे आहे, ओसी४४ घ्यावाच लागेल का, आणि हे पेडल इतर पेडलांच्या सामाईक अडॅप्टरवर चालेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

तुमच्या जोडणीत चूक असण्याची शक्यता फार कमी आहे. तुमचा ट्रान्झिस्टर गळका आहे, आणि त्याचा पुरावा तुम्ही दिलेल्या दोन मापांतच आहे. ते कसे, हे समजण्यासाठी आधी हे छोटे सर्किट काय करते ते पाहावे लागेल. कारण यात भाग इतके थोडे आहेत की प्रत्येकाचा स्वभाव थेट कानाला ऐकू येतो.

रेंजमास्टर ही लंडनच्या डॅलस कंपनीने १९६० च्या दशकाच्या मध्यात काढलेली करड्या रंगाची पत्र्याची डबी. ती पायाखाली ठेवायची नव्हती, ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवायची होती. आत एकच पीएनपी (उणे व्होल्टेजवर चालणाऱ्या जातीचा) ट्रान्झिस्टर, बहुधा मुलार्डचा ओसी४४. बेसपासून उणे ९ व्होल्टच्या तारेपर्यंत ४७० किलोओहम, बेसपासून ग्राउंडपर्यंत ६८ किलोओहम, एमिटर या तिसऱ्या पायाला ३.९ किलोओहम व त्याच्या दोन टोकांवर ४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, कलेक्टरचा भार म्हणून १० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), आत येताना ५ नॅनोफॅरड आणि बाहेर जाताना १० नॅनोफॅरड, एवढाच संसार. पीएनपी असल्यामुळे बॅटरीचे अधिक टोक ग्राउंडला जाते. गिटारवादकांपैकी रोरी गॅलाघर व्हॉक्स एसी३० या ॲम्प्लिफायरच्या पुढे हीच डबी लावत, टोनी आयोमी यांनी तिच्यात फेरफार करून घेऊन ती लेनी ॲम्प्लिफायरला जोडली, आणि ब्रायन मे यांचीही सुरुवात हिच्यापासूनच झाली. तिघांचे आवाज एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते ऐकले, की सर्किटपेक्षा पुढचा ॲम्प्लिफायर आणि मागचा हात यांचा वाटा केवढा आहे ते कळते.

आता हिशेब. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० आणि ६८ किलोओहमची विभागणी. म्हणजे बेसवर सुमारे १.१४ व्होल्ट यायला हवेत. जर्मेनियममध्ये बेस आणि एमिटर यांच्यामध्ये साधारण ०.१ ते ०.२ व्होल्ट पडतात. गेन १०० धरला आणि बेसला लागणारा बारीक करंट वजा केला, तर एमिटरमधून सुमारे ०.२३ मिलिअँपिअर वाहतो. तोच करंट १० किलोओहमच्या पॉटमधून जातो, तिथे २.३ व्होल्ट पडतात आणि कलेक्टरवर उणे ६.७ व्होल्ट उरतात. अनुभवी बांधणारे ‘कलेक्टर सातच्या जवळ ठेवा’ असे सांगतात, त्यामागे हा हिशेब आहे.

सातच का, साडेचार का नाही? कलेक्टर उणे ६.७ वर असताना एका बाजूला त्याला हलायला २.३ व्होल्टचीच जागा असते, कारण उणे ९ ला तो थांबतो. दुसऱ्या बाजूला एमिटरपर्यंत जवळजवळ ५.८ व्होल्टची मोकळीक असते. जोरात छेडलेल्या तारेची लाट त्यामुळे एका बाजूला लवकर कापली जाते आणि दुसऱ्या बाजूला गोल राहते. या असमान कापण्यातून सम क्रमांकाचे हार्मोनिक्स निर्माण होतात, आणि ज्याला लोक जर्मेनियमचा गोडवा म्हणतात त्याचा मोठा भाग तिथून येतो. तुमच्या दुपारच्या स्थितीत कलेक्टर उणे ४.५ वर आणि एमिटर जवळजवळ उणे १.८ वर असणार. म्हणजे एका बाजूला ४.५ आणि दुसऱ्या बाजूला २.७ व्होल्ट. वर-खाली होणारे कापणे आता बरेच जवळ आले, एवढेच नव्हे तर त्याची बाजूही पालटली. आवाज मोठा होतो, पण त्याची कडा जाते. तुम्ही वापरलेला ‘बोथट’ हा शब्द अगदी योग्य आहे.

हा जादा करंट येतो कुठून? जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमध्ये बेसला काहीही दिले नाही तरी कलेक्टरकडून थोडा करंट पाझरत राहतो. त्यालाच गळती किंवा लीकेज म्हणतात. सिलिकॉनमध्ये ती इतकी नगण्य असते की आज इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्याला तिची दखलही घ्यावी लागत नाही. जर्मेनियममध्ये मात्र ती हिशेबाचा भाग आहे. कलेक्टर आणि बेस यांच्यातली मूळ गळती १ मायक्रोअँपिअर असली, तर या सर्किटमधल्या रेझिस्टरांच्या किमती पाहता ती कलेक्टरवर सुमारे १४ पट होऊन उमटते. तुमच्या रात्रीच्या मापात कलेक्टरचा करंट ०.३१ मिलिअँपिअर निघतो, म्हणजे अपेक्षेपेक्षा ०.०८ मिलिअँपिअर जास्त. त्याला १४ ने भागले की मूळ गळती पावणेसहा मायक्रोअँपिअरच्या आसपास येते, आणि बेस मोकळा ठेवून मोजली तर तीच गेनच्या पटीत वाढून ५७० मायक्रोअँपिअर दिसेल. ट्रेबल बूस्टरसाठी मी २०० च्या आतला ट्रान्झिस्टर शोधतो, ३०० पर्यंत नाइलाजाने चालवून घेतो. ५७० चा तर मी बाजूलाच ठेवला असता.

उष्णतेचा भाग यापुढे आपोआप उलगडतो. जर्मेनियमची गळती दर दहा अंश सेल्सिअसला जवळजवळ दुप्पट होते. रात्री खोलीत २६ अंश आणि दुपारी स्लॅबखाली ४० अंश धरले, तर १४ अंशांत गळती सुमारे पावणेतीन पट होते. पावणेसहाचे साडेपंधरा मायक्रोअँपिअर, त्याच्या १४ पट म्हणजे सुमारे २१६, आणि मूळचा करंट मिळवला की ०.४५ मिलिअँपिअर. दहा किलोओहमवर साडेचार व्होल्ट पडले, कलेक्टरवर साडेचार उरले. तुमच्या मल्टिमीटरने नेमके हेच दाखवले आहे. याच सर्किटमध्ये १ मायक्रोअँपिअर मूळ गळतीचा ट्रान्झिस्टर असता, तर दिवसरात्रीचा फरक पाव ते तीन दशांश व्होल्टचा राहिला असता आणि तो कानाला जाणवलाही नसता. लंडनच्या हवेत खपून गेलेला ट्रान्झिस्टर आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत नापास होतो, तो असा.

तुमच्या मल्टिमीटरने १६० गेन दाखवला, तोही याच गळतीमुळे. बहुतेक मल्टिमीटर बेसमध्ये सुमारे १० मायक्रोअँपिअर सोडतात आणि कलेक्टरमधून जे काही वाहते त्याला सरळ त्याने भागतात. त्यात गळतीही गेन म्हणून मोजली जाते. ५७० मायक्रोअँपिअरच्या गळतीमुळे तुमच्या आकड्यात ५७ फुकटचे मिसळले आहेत. खरा गेन शंभराच्या आसपास असावा. गेन चांगला आहे, अडचण फक्त गळतीची आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे मोजणीची छोटी जोडणी तयार करणे. एक ९ व्होल्टची बॅटरी घ्या. तिच्या अधिक टोकाला ट्रान्झिस्टरचा एमिटर जोडा. कलेक्टर आणि बॅटरीचे उणे टोक यांच्यामध्ये २.४७ किलोओहमचा रेझिस्टर ठेवा, २.२ किलो आणि २७० ओहम एकापुढे एक जोडले की तो मिळतो. बेसपासून उणे टोकाकडे २.२ मेगओहमचा रेझिस्टर, पण मध्ये एक पुश बटण. मल्टिमीटर दोन व्होल्टांच्या ऐवजी वीस व्होल्टांच्या रेंजवर २.४७ किलोओहमच्या दोन टोकांना लावा. बटण न दाबता येणारे माप ही गळती आहे, त्याला २.४७ ने भागले की ती मिलिअँपिअरमध्ये मिळते. बटण दाबले की बेसमध्ये ४ मायक्रोअँपिअर जातात आणि मापात जी वाढ होते ती शंभराने गुणली की खरा गेन मिळतो. हे आकडे मुद्दाम असे निवडलेले आहेत की कागद-पेन्सिल लागू नये.

काल संध्याकाळीच मी या जोडणीवर एक एसी१२८ लावला होता. बटण न दाबता ०.३१ व्होल्ट, म्हणजे १२५ मायक्रोअँपिअर गळती. बटण दाबल्यावर १.१८, फरक ०.८७, म्हणून गेन ८७. मग बटण सोडले आणि ट्रान्झिस्टरची धातूची टोपी नुसती दोन बोटांत धरली. ०.३१ चे ०.३४ झाले, ०.३८ झाले, ०.४३ च्या पुढेही आकडा सरकत राहिला. बोटे काढल्यावर त्याला परत ०.३१ वर यायला दीड-दोन मिनिटे लागली. हा प्रयोग एकदा स्वतः करून पाहा. त्यानंतर ट्रान्झिस्टर हाताने खाचेत बसवून लगेच माप घेण्याची चूक कोणी करत नाही. सोल्डर केल्यावर तर किमान दहा मिनिटे थांबावे. सुरुवातीच्या काळात मी गरम ट्रान्झिस्टरवर बायस (कलेक्टरचे स्थिर व्होल्टेज) लावत असे आणि सकाळी पेडल का कोरडे वाजते याचे कोडे सोडवत बसत असे.

एकच ट्रान्झिस्टर आणून नशीब आजमावण्यापेक्षा दहा-पंधरा नग आणून त्यांतून निवडणे केव्हाही बरे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात जुन्या दुकानांच्या खणांत अजून भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या छापाचे एसी१२८ आणि एसी१८८ निघतात. एके काळी आपल्याकडच्या रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरांत हेच असत. दुकानदार मोजून घेऊ देत असेल तर जोडणी खिशात घालून न्यावी. देत नसेल तर निदान मल्टिमीटर डायोडच्या रेंजवर ठेवून बेस आणि एमिटर यांच्यातले माप पाहावे. जर्मेनियम ०.२ व्होल्टच्या आसपास दाखवते, सिलिकॉन ०.६ च्या पुढे. हे सांगण्याचे कारण असे की, एकदा मी चाळीस नगांची पिशवी आणली होती. टोप्यांवरचा छाप फारच ताजा आणि पांढराशुभ्र होता. घरी येऊन पाहिले तर नऊ नग चक्क सिलिकॉनचे होते. उरलेल्यांतून ट्रेबल बूस्टरला लावण्याजोगे अकरा निघाले आणि बाकीचे गळतीत गेले. एकंदर वाईट सौदा म्हणता येणार नाही. जुन्या रेडिओतून एएफ११५ किंवा त्याच्या भावंडांपैकी चार पायांचा ट्रान्झिस्टर काढलात तर आणखी एक सावधगिरी हवी. त्याच्या टोपीच्या आत कथिलाचे केसांसारखे बारीक तंतू वाढतात आणि पाय आतल्या आत टोपीशी जोडले जातात. चौथा पाय त्या टोपीचाच असतो. तो कापून टाकल्यावर काही नग पुन्हा कामाला येतात.

ओसी४४ घ्यावाच लागेल का, याचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण दोघांत फरक नाही असे मी म्हणणार नाही. ओसी४४ हा मीडियम वेव्ह रेडिओच्या पहिल्या टप्प्यासाठी, उच्च वारंवारतेसाठी बनवलेला होता. त्याचे जंक्शन लहान, म्हणून गळतीही सहसा कमी आणि कलेक्टर व बेस यांच्यामधली अंगभूत कपॅसिटन्सही कमी. एसी१२८ हा स्पीकर हलवणारा, एक अँपिअरपर्यंत करंट सोसणारा ट्रान्झिस्टर आहे. त्याचे जंक्शन मोठे, म्हणून ही कपॅसिटन्स मोठी. आणि सर्किटच्या गेनने ती कित्येक पट होऊन बेसवर बसते. परिणाम असा की एसी१२८ वरच्या टोकाला किंचित मऊ वाजतो. तीक्ष्ण ॲम्प्लिफायर असलेल्यांना तो मऊपणा आवडतो, मलाही बऱ्याचदा आवडतो. काचेचा ओसी४४ हाती आलाच, तर त्याचा काळा रंग खरवडू नका. आत उजेड गेला की जर्मेनियम प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागते आणि ट्यूबलाइटची गुणगुण ॲम्प्लिफायरमधून ऐकू येते.

तुमच्या हातातल्या गळक्या नगालाच सांभाळून घ्यायचे असेल, तर एक उपाय आहे. बेसवरच्या दोन रेझिस्टरांच्या किमती साधारण निम्म्या करा. ४७० च्या जागी २२० किलोओहम आणि ६८ च्या जागी ४७ किलोओहमचा प्रीसेट (पेचकसाने फिरवून लावायचा रेझिस्टर), जो ३० च्या आसपास स्थिरावेल. गळती आता १४ पट न होता आठपटीच्या आत राहते, म्हणजे दिवसरात्रीचे हेलकावे जवळजवळ निम्मे होतात. गिटारवर पडणारा भार यामुळे फार वाढत नाही, कारण तो मुळातच ट्रान्झिस्टरच्या बेसमुळे दहा किलोओहमच्या आसपास असतो. मूळ आराखड्याशी इमान राखणाऱ्यांना हे रुचत नाही. पण विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात वाजवणाऱ्याला मी हाच सल्ला देतो.

या दहा किलोओहमवर थोडे थांबायला हवे, कारण ट्रेबल बूस्टरचा खरा आवाज तिथे आहे आणि पुष्कळ बांधणाऱ्यांना हे ठाऊक नसते. नुसता ५ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर आणि एवढा इनपुट रोध धरून हिशेब केला, तर हे सर्किट सव्वातीन किलोहर्ट्झच्या वरच काय ते पूर्ण वाढवेल असे दिसते. तसे झाले असते तर आवाज कर्कश आणि निरुपयोगी असता. पण गिटारचा पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची कॉइल आहे. सिंगल कॉइल पिकअपचे इंडक्टन्स अडीच हेन्रीच्या जवळ असते. ही कॉइल आणि तो कॅपॅसिटर एकापुढे एक आले की त्यांचा अनुनाद (रेझोनन्स) दीड किलोहर्ट्झच्या आसपास होतो. हम्बकरचे, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचे, इंडक्टन्स जास्त, म्हणून त्याचा उंचवटा आणखी खाली, एक किलोहर्ट्झकडे सरकतो. म्हणजे नाव ट्रेबल बूस्टर असले तरी प्रत्यक्षात उचलली जाते ती मधल्या पट्टीची वरची बाजू, जिथे गिटारचा स्वर ढोलांतून आणि बासमधून वाट काढतो. सहाव्या तारेचा ८२ हर्ट्झचा मूळ स्वर कापला जात नाही, तो जेमतेम दुप्पट होतो. दीड किलोहर्ट्झचा मात्र चाळीस-पन्नास पट. ॲम्प्लिफायरला विकृतीच्या काठावर ठेवून हे लावले, की त्याच्यावर खर्जाचा लोंढा न येता फक्त वरचा भाग त्याला ढकलतो. म्हणूनच आवाज भरलेला पण मोकळा राहतो.

यावरून दोन गोष्टी लगेच ठरतात. गिटारची तार थेट या पेडलमध्ये यायला हवी. मध्ये बफर (आवाज न वाढवता गिटारला पुढच्या सर्किटपासून अलग करणारा टप्पा) असलेले कोणतेही पेडल, अगदी बंद स्थितीतला बफर असलेला ट्यूनरसुद्धा नको. बफर आला की कॉइल सर्किटमधून बाहेर पडते, अनुनाद नाहीसा होतो आणि उरतो तो वर सांगितलेला कर्कशपणा. वायरलेसवर वाजवणाऱ्यांची हीच तक्रार असते. दुसरी गोष्ट म्हणजे गिटारचा व्हॉल्यूम. तो दहावरून सातवर आणला की वाटेत रोध वाढतो, उंचवटा सपाट होतो आणि आवाज स्वच्छ होतो. पेडल पायाने बंद करण्याची गरज फारशी पडत नाही. मूळ डबी ॲम्प्लिफायरवर ठेवलेली असूनही कोणाचे काही अडले नाही, ते म्हणूनच. आवाज अधिक भरीव हवा असेल तर आत येणारा कॅपॅसिटर १० नॅनोफॅरडचा करून पाहा. ४७ किंवा १०० नॅनोफॅरड केल्यास तो ट्रेबल बूस्टर राहत नाही, सर्व पट्टी सारखी उचलणारा बूस्टर होतो. त्याचाही उपयोग आहे, पण तो वेगळा.

सामाईक अडॅप्टरच्या प्रश्नाचे उत्तर सध्याच्या जोडणीत तरी ‘नको’ असेच आहे. तुमच्या पेडलमध्ये बॅटरीचे अधिक टोक ग्राउंडला आहे, इतरांमध्ये उणे. एका अडॅप्टरच्या फांद्यांवर दोन्ही लावले की ऑडिओच्या केबलची जाळी दोघांचे ग्राउंड एकत्र आणते आणि अडॅप्टर सरळ शॉर्ट होतो. प्रत्येक फांदी अलग असलेला पॉवर सप्लाय असेल तर उलट्या वायरने चालते. नाहीतर ७६६० जातीची, उणे व्होल्टेज तयार करणारी आयसी वापरता येते. पण मूळ ७६६० सुमारे १० किलोहर्ट्झवर चालते आणि तिची शीळ कानाला ऐकू येते. म्हणून टीसी१०४४एस किंवा मॅक्स१०४४ घेऊन तिची १ क्रमांकाची पिन पुरवठ्याच्या अधिक तारेला जोडावी, म्हणजे वेग ऐकण्याच्या पलीकडे जातो. या आयसींना बारा व्होल्टचा अडॅप्टर चुकूनही लावू नये. पीएनपी तसाच ठेवून उणे ग्राउंडची जोडणी काढणारेही आहेत. मी ती केली आहे, आणि दोनदा पेडल ‘फट्-फट्-फट्’ करत बोटीच्या इंजिनासारखे धडधडू लागल्यावर सोडूनही दिली आहे.

खरे सांगायचे तर या पेडलला बॅटरीच शोभते. सर्किट सगळे मिळून पाव मिलिअँपिअरच्या जवळ करंट घेते, त्यामुळे साधी झिंक-कार्बनची बॅटरीसुद्धा शेकडो तास पुरते. एलईडी लावला तर तो एकटाच सर्किटच्या दहापट करंट खातो, हे लक्षात असू द्या. इनपुटला स्टिरिओ सॉकेट वापरा आणि बॅटरीचे अधिक टोक त्याच्या मधल्या रिंगला द्या. साधी जॅक आत गेली की रिंग ग्राउंडला टेकते आणि पुरवठा सुरू होतो, काढली की बंद.

बांधणीबाबत फार सांगण्यासारखे नाही; झिरो पीसीबीचा काडेपेटीएवढा तुकडा पुरतो. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरांची दिशा मात्र पुन्हा पाहा. एमिटरवरच्या ४७ मायक्रोफॅरडचे आणि पुरवठ्यावरच्या कॅपॅसिटरचे, दोघांचेही अधिक टोक ग्राउंडकडे हवे; एरवीच्या सवयीने हात उलटा जातो. ट्रान्झिस्टर सोल्डर न करता खाचेत बसवा, म्हणजे बदलून ऐकता येईल. सोल्डर करायचाच असेल तर पायाला क्रोकोडाइल क्लिप लावून उष्णता तिकडे वळवा, कारण जर्मेनियमचे जंक्शन पंचाहत्तर ते नव्वद अंशांपलीकडे टिकत नाही. पायाचे बटण दाबताना ‘टप्’ असा आवाज येत असेल तर इनपुटपासून ग्राउंडला २.२ मेगओहम आणि आउटपुटला १ मेगओहम जोडा.

तुम्ही लिहिले आहे की ॲम्प्लिफायर दहा वॉटचा, ट्रान्झिस्टरचा, सरावाचा आहे. त्याच्या स्वच्छ चॅनेलवर हे पेडल पातळच वाजेल. त्यात बायसचा दोष नाही. त्याच ॲम्प्लिफायरचा ओव्हरड्राइव्ह चॅनेल घ्या, गेन अगदी थोडा, बास वाढवलेला, ट्रेबल निम्म्याच्या खाली ठेवा आणि मग बूस्टर लावा. आधी ६८ किलोच्या जागी १०० किलोओहमचा प्रीसेट बसवा, निवडलेला नवा ट्रान्झिस्टर खाचेत टाका, पंधरा मिनिटे हात लावू नका. मग पॉटच्या कलेक्टरकडच्या टोकावर माप घेत प्रीसेट फिरवा. हे रात्री करू नका. तुम्ही दुपारी वाजवता, तर दुपारी करा, उणे ६.६ वर ठेवा आणि रात्री तो किती वर जातो ते पाहा. ७.२ च्या आत राहिला तर प्रीसेटवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकून झाकण लावा. त्याच्या पुढे गेला तर ट्रान्झिस्टर बदला. पिशवीत अजून चौदा आहेत.